पुष्य नक्षत्र, टर्मिनल आणि पाच पिक्सेल

तारे शोधायला टर्मिनल (संगणकाला कमांड टाइप करून द्यायची खिडकी) कशाला हवं, हे आमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपमधल्या बहुतेक सगळ्यांनी मला विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे. सिरिल हे आकाशाच्या फोटोंवर काम करणारं सॉफ्टवेअर उघडायचं, फोटो लोड करायचा, एक बटण दाबलं की ताऱ्यांभोवती गोल उमटतात. फोटो एकावर एक रचण्यापुरतं तेवढं पुष्कळ होतं. मला हवी होती यादी. कोणता तारा कुठल्या पिक्सेलवर, किती तेजस्वी, किती पसरट, आणि मुख्य म्हणजे तो तारा आहे असं प्रोग्रॅम कशाच्या जोरावर म्हणतोय. शिवाय एका रात्रीच्या फ्रेमाच शंभरावर. एकेक उघडून बटण दाबत बसणं माझ्याच्यानं होणारं नव्हतं.

म्हणून सोर्स एक्स्ट्रॅक्टर हाती घेतलं. एमान्युएल बर्तँ आणि स्टेफान आर्नू या दोघांनी १९९६ साली हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. दीर्घिकांच्या मोठमोठ्या सर्वेक्षणांतल्या प्रतिमांमधून वस्तू आपोआप वेचायच्या, हा त्याचा मूळ हेतू. मध्यम दाटीच्या ताराक्षेत्रातही तो चांगला चालतो. गोलाकार तारागुच्छाच्या गाभ्यासारखी गर्दी असेल तर मात्र त्याचा निभाव लागत नाही, तिथे पीटर स्टेटसन यांच्या १९८७ च्या डाओफॉटसारखी साधनं लागतात. माझा विषय होता पुष्य नक्षत्र, म्हणजे कर्क राशीतला एम ४४ हा तारकागुच्छ. विरळ, ऐसपैस, दीड अंशाहून जास्त पसरलेला. सोर्स एक्स्ट्रॅक्टरला झेपेल असा.

पुष्याचा आमच्याकडे आणखी एक फायदा आहे. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर साडेएकोणीस अंशांच्या पुढे, आणि आपण पुणे-जुन्नरकडची माणसं साडेअठरा-एकोणीस अक्षांशावर. म्हणजे मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना हा गुच्छ जवळपास थेट डोक्यावर येतो. प्रकाशाला वातावरणाचा पातळात पातळ थर मिळतो. युरोपातल्या फोटोग्राफरांना हे सुख नाही. त्यांना ध्रुवतारा मात्र उंच मिळतो, आणि तिथे आपली पंचाईत. कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा तर तो क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर, त्यात उत्तरेला डोंगराची सोंड आणि धुरकट हवा. आम्ही जुन्नर तालुक्यात एका मित्राच्या मळ्यावर जातो. त्याच भागात गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, म्हणजे आकाशाची निवड जाणत्यांनी आधीच करून ठेवलेली. बांधाच्या ज्या टोकावरून ध्रुव दिसतो ते टोक उसाला लागून आहे आणि उसात बिबट्या असतो. त्यामुळे अक्ष जुळवण्याचं काम दोघांनी मिळून, एकाने बॅटरी फिरवत करायचं असा नियमच आहे.

सामान साधं. अठरा मेगापिक्सेलचा जुना कॅनन, २०० मिलिमीटरची लेन्स एफ ४ वर, एक-एक मिनिटाच्या फ्रेमा, रॉ स्वरूपात. डार्क (झाकण लावून) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे) हे सेन्सर-लेन्सचे दोष काढायचे फोटोही घेतलेले. एका पिक्सेलवर आकाशाचे साधारण साडेचार आर्कसेकंद मावतात (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग).

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती रंगाची आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर रंग थेट टिपत नाही. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यातली एकच काच असते आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. डोळ्यांना दिसायला फोटो छान होतो. पण तारे शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने यात गडबड आहे, कारण अंदाजाने भरलेला पिक्सेल शेजाऱ्याची नक्कल असतो. एका पिक्सेलवर नॉइजमुळे उगीच उसळी आली तर ती आजूबाजूच्यांवरही सांडते. म्हणून आमच्या भाच्याने सिरिलमध्ये रंग भरूच दिले नाहीत. डार्क-फ्लॅट लावून झाल्यावर त्याने फक्त हिरवे पिक्सेल वेगळे काढले. दर चार पिक्सेलांमागे दोन हिरवे असतात, त्यांची सरासरी घ्यायची. प्रतिमा लांबी-रुंदीने अर्धी होते. अठरा मेगापिक्सेलांतले उरले सुमारे ४५ लाख, आणि पिक्सेल-प्रमाण झालं जवळपास नऊ आर्कसेकंद. एवढी बारकाई गमवायला माझं मन तयार नव्हतं.

"मामा, तुला सुंदर फोटो पाहिजे की खरे तारे?" तो म्हणाला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, असंच बोलतो.

उबुंटू लिनक्सवर बसवणं एका ओळीचं काम आहे: सुडो ॲप्ट इन्स्टॉल सोर्स-एक्स्ट्रॅक्टर. (कमांड मी इथे नागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमन.) जुन्या ट्युटोरियलमध्ये हीच कमांड तीन अक्षरी 'सेक्स' अशी सापडते. खगोलशास्त्रज्ञांनी ती वर्षानुवर्षं गंभीर चेहऱ्याने वापरली. उबुंटूचा पाया असलेल्या डेबियनवाल्यांनी नाव बदललं ते बरंच झालं, नाहीतर हॉलमध्ये आजीसमोर बसून कमांड मोठ्याने सांगायची सोय नव्हती.

चालवायला चार फायली लागतात. एक सेटिंगची, ती प्रोग्रॅमला 'डॅश डी' सांगितलं की तो स्वतःच ओकतो. दुसरी, यादीत कुठले रकाने हवेत त्याची. तिसरी, शोधण्याआधी प्रतिमा किंचित मऊ करणाऱ्या फिल्टरची. आणि चौथी, तारा की दीर्घिका हे ठरवणाऱ्या न्यूरल नेटवर्कची. शेवटच्या दोन्ही प्रोग्रॅमबरोबर तयार येतात. रकान्यांच्या फाइलीत शेकड्याने पर्याय असतात. मी सुरुवातीला एक्स, वाय (जागा), मॅग-ऑटो (प्रत, म्हणजे तेजस्विता), फ्लक्स-मॅक्स (सर्वांत उजळ पिक्सेलचा आकडा), एफडब्ल्यूएचएम (रुंदी), इलाँगेशन (लांबटपणा) आणि फ्लॅग्ज (धोक्याच्या खुणा) एवढेच ठेवले. बाकीचे रकाने आपल्याला कशासाठी हवेत हे कळेपर्यंत नसलेलेच बरे.

एंटर दाबल्यावर स्क्रीनवर फार नाट्य घडत नाही. तीन आकडे येतात: बॅकग्राउंड, आरएमएस, थ्रेशोल्ड. त्याखाली किती वस्तू सापडल्या आणि छाननीनंतर किती टिकल्या. संपलं. दोन-तीन सेकंद. फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल पडलेली असते, तिच्यात हजारो ओळी.

या तीन आकड्यांवरच मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. बॅकग्राउंड म्हणजे आकाशाची स्वतःची उजळी. आरएमएस म्हणजे ती उजळी पिक्सेलागणिक किती वरखाली होते, तिलाच सिग्मा म्हणायचं. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा, सिग्माच्या किती पट वर आल्यावर पिक्सेलची दखल घ्यायची. सेटिंगमध्ये मुळात १.५ लिहिलेलं असतं. आरएमएस २२ आला तर बॅकग्राउंडपेक्षा ३३ नी वर असलेला प्रत्येक पिक्सेल प्रोग्रॅमला संशयित.

आता हिशेब करून बघा. नॉइज निव्वळ यादृच्छिक असेल तर दीड सिग्माच्या वर सुमारे ६.७ टक्के पिक्सेल जातात. ४५ लाखांचे ६.७ टक्के म्हणजे तीन लाख. तीन लाख पिक्सेल ताऱ्याशिवाय, नुसत्या थरथरीने उंबरठा ओलांडतात! उंबरठा तीन सिग्मावर नेला तर राहतात सहा हजार. पाच सिग्मावर एखादाच. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दीड का ठेवला? कारण दुसरी एक अट सोबत आहे, डिटेक्ट-मिनएरिया. उंबरठ्यावरचे किमान पाच पिक्सेल एकमेकांना चिकटून असले पाहिजेत. ताऱ्याचा प्रकाश वातावरणामुळे आणि लेन्समुळे पसरतो, त्याचे शेजारी आपोआप उजळतात. नॉइजला शेजार नसतो. पाच शेजारी एकाच वेळी योगायोगाने उसळण्याची शक्यता फारच कमी. म्हणजे एकटादुकटा उजळ पिक्सेल काहीच सिद्ध करत नाही, जमाव लागतो.

आणि इथेच रंगाची भानगड परत येते. अंदाजाने भरलेल्या पिक्सेलांत नॉइजलाही शेजार मिळतो. एक उसळला की चौघं सोबत उसळतात आणि पाचाची अट नॉइजसुद्धा सहज पार करतो. भाच्याचं म्हणणं मला पटलं ते या गणितामुळे. तोपर्यंत हट्टानेच ऐकत होतो.

पण पटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. ते दिसलं उलट्या फोटोत.

युक्ती जुनी आहे, व्यावसायिक खगोलशास्त्रातही वापरतात. प्रतिमेतला प्रत्येक आकडा उणे एकने गुणायचा. ॲस्ट्रोपाय या पायथॉनच्या साधनसंचात दोन-चार ओळींचं काम. तारे आता खड्डे झाले. आकाशात उणे प्रकाशाचे तारे नसतात, त्यामुळे या उलट्या प्रतिमेत त्याच सेटिंगने प्रोग्रॅमला जे काही सापडेल ते सगळं खोटं. आणि नॉइज वर-खाली सारखाच उसळत असल्यामुळे उलट्या फोटोत जेवढे खोटे तारे, साधारण तेवढेच खोटे तारे सुलट्या यादीत लपलेले आहेत असं मानता येतं. कुठल्याही कॅटलॉगशी न जुळवता, इंटरनेटशिवाय, मळ्यावर बसून आपल्या यादीची झडती घेता येते. मला ही युक्ती इतकी आवडली की पुढचे काही दिवस जे मिळेल ते उलटं करून बघत होतो.

रंग भरलेल्या प्रतीवर दीड सिग्माला उलटे तारे रग्गड निघाले, सुलट्यांशी टक्कर देतील एवढे. नुसत्या हिरव्या प्रतीवर तेच चालवलं तर संख्या कोसळली. उंबरठा थोडा थोडा वर नेत गेलो तशी ती आणखी खाली आली. पण काही केल्या शून्यावर येईना. अडीच सिग्मा, तीन सिग्मा, तरी काही उलटे तारे हटून बसलेले.

तेव्हा यादी बाजूला ठेवून ते प्रत्यक्ष बघायचं ठरवलं. ऑक या रकाने वेचणाऱ्या कमांडने एक्स आणि वायचे रकाने उचलून गोलांची फाइल बनवली आणि डीएस-नाइन या प्रतिमा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रतिमेवर टाकली. क्षणात उलगडा झाला. हे हट्टी उलटे तारे आकाशभर विखुरलेले नव्हतेच. पुष्यातल्या पाच-सहा सर्वांत तेजस्वी ताऱ्यांभोवती कडं करून बसले होते. झूम केल्यावर दिसलं की प्रत्येक झगझगीत ताऱ्याच्या कडेला एक बारीक काळी कडी आहे. आकाशापेक्षाही काळी. ती आकाशातली नाही, आपणच केलेली. फ्रेमा एकमेकींवर जुळवताना प्रतिमा अर्ध्या-पाव पिक्सेलने सरकवावी लागते, आणि त्यासाठी सिरिल वापरतं ते लँचोश नावाचं सूत्र तीव्र कडेपाशी असं लहरतं. जुळवणीच्या पर्यायांत त्याला आवर घालणारा क्लॅम्पिंगचा एक चौकोन असतो. तो टिक करून स्टॅक, म्हणजे फ्रेमांची एकावर एक रचणी, पुन्हा केला आणि कड्या गेल्या. सुलट्या फोटोत हा दोष मी जन्मात पाहिला नसता. तेजस्वी ताऱ्याच्या झगमगाटात काळी कडी कोण शोधणार?

उलट्या फोटोला एक मर्यादा आहे, तीही सांगून टाकतो. हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचे प्रकाशाशिवायच उजळणारे बिघडलेले पिक्सेल, नेहमी उजळ बाजूलाच असतात, त्यामुळे उलट्यात ते खड्डे होतात आणि निसटतात. त्यांना पकडायला रुंदीचा रकाना लागतो. जीएनयूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमवर आडव्या अक्षावर ताऱ्याची प्रत (तेजस्विता) आणि उभ्यावर एफडब्ल्यूएचएम असा आलेख काढला की ताऱ्यांचा एक आडवा पट्टा तयार होतो, कारण तारा मंद असो की तेजस्वी, त्याची रुंदी लेन्स आणि हवाच ठरवते. पट्ट्याच्या खाली, एक पिक्सेलच्या आतबाहेर रुंदीचे जे ठिपके पडतात ते हॉट पिक्सेल. वर भरकटलेले म्हणजे दीर्घिका, जुळे तारे किंवा एकमेकांत मिसळलेले शेजारी. आणि तेजस्वी टोकाला पट्टा वर वळतो, ते फुगलेले, भरून वाहिलेले तारे.

या फुगलेल्या ताऱ्यांबद्दल प्रोग्रॅम आपणहून काही बोलत नाही. फ्लॅग्जच्या रकान्यात ४ असेल तर तारा संपृक्त, म्हणजे सेन्सर तिथे पूर्ण भरला. माझ्या यादीत एकही ४ नव्हता, आणि पुष्यातले सहाव्या-सातव्या प्रतीचे तारे एक मिनिटाच्या फ्रेममध्ये भरणार नाहीत हे शक्यच नव्हतं. फ्लक्स-मॅक्सच्या रकान्याने चोर पकडून दिला. सर्वांत तेजस्वी ताऱ्यांचे तिथले आकडे जवळजवळ एकसारखे, म्हणजे सगळ्यांची डोकी एकाच छताला लागलेली. सेटिंगमध्ये छत ५०,००० दिलेलं असतं, ते १६ बिटांच्या खगोलीय कॅमेऱ्यांना साजेसं. आपला कॅनन १४ बिटांचा, त्याचा आकडा १६,३८३ च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्याही आधी थांबतो. सिरिलने ३२ बिटांत फाइल लिहिली असेल तर सगळे आकडे ० ते १ च्या आत. छताचं ते सेटिंग, सॅचुर-लेव्हल, आपल्या फाइलीनुसार खाली आणलं तेव्हा चौकारांची रांग लागली.

तेजस्वी ताऱ्यांची आणखी एक खोड म्हणजे त्यांचे काटे. लेन्सचं छिद्र एफ ४ ला थोडं मिटवलं की पात्यांच्या कडांमुळे ताऱ्याला किरण फुटतात. फोटोत ते देखणे दिसतात, आणि प्रोग्रॅम त्या किरणांचे तुकडे करून प्रत्येकाला तारा म्हणतो. हे समजायला सेग्मेंटेशनची प्रतिमा काढावी. चेकइमेजच्या पर्यायात ते नाव टाकलं की प्रोग्रॅम प्रत्येक वस्तूचे पिक्सेल वेगळ्या क्रमांकाने रंगवून देतो. त्यात एका ताऱ्याभोवती नक्षत्रच तयार झालेलं दिसलं.

एका वस्तूचे तुकडे करायचे की नाही, हा निर्णय डिब्लेंडिंग नावाच्या टप्प्यावर होतो. तो मला माणिकडोह धरणामुळे समजला. पाणी कमी झालं की मधे एक मोठं बेट दिसतं. पाणी चढत गेलं की त्याच बेटाची दोन टेकाडं होतात, मग तीन. प्रोग्रॅम प्रत्येक वस्तूवर असं ३२ पातळ्यांचं पाणी चढवून बघतो आणि कुठे फाटे फुटतात ते टिपतो. फुटलेल्या टेकाडात एकूण प्रकाशाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त प्रकाश असेल तर ते स्वतंत्र, नाहीतर मूळ बेटाचाच भाग. हा अर्धा टक्का म्हणजे सेटिंगमधला ०.००५. तो वाढवला की काट्यांचे खोटे तारे कमी होतात, पण गुच्छातली खरी जोडपीही एक होऊन बसतात. मी ०.०१ वर तडजोड केली आणि उरलेले काटे हाताने गाळले. याला सर्वमान्य उत्तर नाही. कुणी आत्मविश्वासाने एकच आकडा सांगितला तर त्याने आपला फोटो पाहिलेला नाही एवढं समजावं.

न्यूरल नेटवर्कचा क्लास-स्टार रकाना मी लवकरच सोडून दिला. शून्य म्हणजे दीर्घिका, एक म्हणजे तारा अशी त्याची भाषा. पण तो शिकलाय दुर्बिणींच्या बारीक पिक्सेलांच्या कृत्रिम प्रतिमांवर. आमच्या नऊ आर्कसेकंदाच्या ढोबळ पिक्सेलांवर मंद वस्तूंना तो अर्ध्याच्या आसपास गुण देत राहिला. नापास करायचं धाडस नाही आणि पास करायची इच्छा नाही.

यादी धुऊन-पुसून झाल्यावर तिला नावं मिळवून द्यायची होती. त्यासाठी ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटची सॉल्व्ह-फील्ड ही कमांड. ती चार-चार ताऱ्यांच्या चौकडीचा आकार मोजते आणि आपल्या साठ्यातल्या चौकड्यांशी ताडून फोटो आकाशात कुठला ते सांगते. पिक्सेल-प्रमाण आठ ते दहा आर्कसेकंदांच्या दरम्यान आहे एवढी मदत केली की पटकन सुटते. मग एक्स-वायचे झाले विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), आणि स्टिल्ट्स या याद्या जुळवणाऱ्या साधनाने यादी गाया उपग्रहाच्या तिसऱ्या कॅटलॉगशी जुळवली.

इथे एक सापळा आहे. गायाच्या यादीत सुमारे १८० कोटी स्रोत आहेत, विसाव्या प्रतीच्याही पलीकडचे. एवढ्या गर्दीत नॉइजच्या कुठल्याही ठिपक्याला जवळपास एखादा गायाचा तारा सापडतोच. जुळला म्हणजे खरा, असं धरलं तर सगळेच खरे ठरतात. गायाची यादी आधी पंधराव्या प्रतीपाशी कापली, कारण आमच्या लेन्सची पोच तिथवरच. मगच जुळणीला अर्थ आला. अडीच सिग्मा आणि पाच पिक्सेल या सेटिंगने निघालेली यादी गायाशी चांगली जुळली, आणि न जुळलेल्यांची संख्या उलट्या फोटोने वर्तवलेल्या संख्येच्या आसपासच होती. मळ्यावर बसून केलेला अंदाज उपग्रहाने मान्य केला म्हणायचा.

गॅलिलिओने १६१० साली छापलेल्या पुस्तिकेत पुष्याबद्दल लिहिलंय की हा धूसर ढग म्हणजे चाळिसाहून जास्त बारीक ताऱ्यांचा पुंजका आहे, आणि शेजारचे दोन ठळक तारे सोडून त्यातल्या ३६ ची आपण नोंद केली. आमच्या यादीत त्याच तुकड्यात शेकडो निघाले. पण त्यातले पुष्याचे किती? गाया ताऱ्यांच्या निजगतीही, म्हणजे आकाशात सरकण्याचे वेगही, देतो. पुष्यातले तारे एकाच कळपाचे, सगळे वर्षाला विषुवांशात सुमारे उणे ३६ आणि क्रांतीत उणे १३ मिली-आर्कसेकंद सरकतात, सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरून. ऑकची आणखी एक ओळ लिहून त्या गतीच्या आसपासचे तेवढे ठेवले, आणि यादी झपाट्याने आक्रसली. ठळक तारे बहुतेक घरचे निघाले. मंद निघाले ते बहुसंख्य वाटसरू, मागच्या आकाशातले. प्रोग्रॅम तारा शोधून देतो, तो कोणाचा हे त्याला माहीत नसतं.

भाच्याला मात्र या सगळ्यापेक्षा भलत्याच गोष्टीत रस होता. स्टॅक केलेली एक प्रतिमा सोडून त्याने मूळच्या सुट्या फ्रेमांवरच फॉर-लूप लावला, म्हणजे तीच कमांड एकेका फ्रेमवर आपोआप चालवली. प्रत्येक फ्रेमची वेगळी यादी, आणि प्रत्येक यादीतल्या ओळींची संख्या. सोबत प्रोग्रॅम छापतो तो बॅकग्राउंडचा आकडा आणि ताऱ्यांच्या लांबटपणाचा मध्यक. चहा होईपर्यंत सगळ्या रात्रीचा आलेख समोर.

तो आलेख मी आजवर काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त वेळ बघितला असेल. संध्याकाळपासून पुष्य वर चढत गेला तशी ताऱ्यांची संख्या चढत गेली. एके ठिकाणी बॅकग्राउंड एकदम उसळून परत खाली, ताऱ्यांची संख्या त्याच फ्रेममध्ये पडलेली. तो कारखान्याला ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर, त्याचे दिवे आणि त्याची गाणी आम्हा दोघांनाही आठवत होती. पुढे एका फ्रेमपासून लांबटपणा अचानक वाढलेला, तो तसाच राहून थोड्या वेळाने पूर्ववत. ट्रायपॉडला कुणाचा तरी पाय लागला आणि मग कुणीतरी गुपचूप सरळ केला. कोण ते दोघांनीही विचारलं नाही.

आणि मध्यरात्रीनंतर पुष्य अजून बराच उंच असताना संख्या हळूहळू घसरू लागलेली. ढग असता तर ती पडून परत उठली असती. ही नुसतीच घसरत गेली, एकसारखी, फ्रेमामागून फ्रेमा, आणि ताऱ्यांची रुंदी सोबत वाढत गेली.

"दव," भाचा म्हणाला. "लेन्सवर. उसाला पाणी सोडलं होतं ना रात्री."

पाणी सोडलेलंच होतं, पाटाचा आवाज येत होता. घसरणीनंतरच्या सगळ्या फ्रेमा वगळून उरलेल्यांचा स्टॅक नव्याने केला. फ्रेमा कमी, एकूण प्रकाश कमी, तरी त्याच सेटिंगला तारे आधीपेक्षा जास्त निघाले. उलट्या फोटोतही काही वावगं वाढलं नाही. लेन्सला गुंडाळायची हीटरची पट्टी मिळते, पॉवर बँकेवर चालते. ती मागवली आहे. पुढच्या अमावास्येला पुष्याऐवजी एम ६७ घ्यायचा म्हणतोय, तोही कर्केतलाच, पण बराच दाट, तेव्हा डिब्लेंडिंगचा तो ०.०१ तिथे चालेल असं वाटत नाही.